ड्रम्ससाठी हेडफोन: आवाज किती देतो यापेक्षा किती अडवतो

ड्रम्सवर बसून हेडफोनवर गाणं लावलं की दोन मिनिटांत हात आवाज वाढवायला जातो. स्नेअर ड्रमच्या फटक्यात क्लिक (लय धरून ठेवणारी मेट्रोनोमची टिकटिक) बुडते म्हणून क्लिक वाढवायची, मग गाणं मागे पडतं म्हणून तेही वाढवायचं. मी पहिलं वर्षभर साध्या इअरफोनवर असाच सराव केला. रात्री उशीवर डोकं टेकलं की कानात बारीक शिट्टी वाजत राहायची. तेव्हापासून ड्रम्ससाठी कुठलाही हेडफोन पारखताना मी आधी एकच बघतो: तो घालून वाजवताना गाण्याचा आवाज किती खाली ठेवता येतो.

हिशेब सरळ आहे. खोलीत अकूस्टिक ड्रम्स जोरात वाजवले तर वाजवणाऱ्याच्या कानाशी आवाज सहज १०० डेसिबलच्या वर जातो. अमेरिकेतल्या निऑश या संस्थेने सुचवलेली मर्यादा दिवसाला ८ तास ८५ डेसिबल अशी आहे, आणि पुढच्या प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे ९४ ला १ तास, १०० ला १५ मिनिटं. समजा तुमच्या कानाशी १०५ पोचतात. हेडफोनने त्यातले खरोखर १० अडवले तर पाऊण तास मिळतो, २० अडवले तर पूर्ण ८ तास. शिवाय गाणं ऐकू यायचं तर ते आत शिरलेल्या ड्रम्सच्या वर असावं लागतं. त्यामुळे गाण्याचा आवाज किती लागणार हे मुळात ड्रम्सचा आवाज किती झिरपतो त्यावर ठरतं.

खोक्यावरच्या आकड्यांची तुलना जपून करा. ३एम पेल्टर एक्स५ए या इअरमफचं (गोंगाटापासून कान वाचवणाऱ्या, गाणं न वाजवणाऱ्या जाड वाट्यांचं) अमेरिकन पद्धतीचं मोजमाप ३१ डेसिबल आहे आणि युरोपियन पद्धतीचं ३७. वस्तू तीच, आकडे दोन. हे आकडे प्रयोगशाळेत नीट बसवून मोजलेले असतात, घामेजल्या डोक्यावर त्याहून कमीच मिळतं. शिवाय जाड, खालच्या सुरांचा आवाज अडवणं सगळ्यांनाच कठीण जातं. क्रॅश आणि हाय-हॅट या झांजा बऱ्यापैकी दबतात, पायाने वाजणारा किक ड्रम मात्र आत येतोच.

आता पर्याय. विक फर्थचा एसआयएच२ खास ड्रमरसाठी बनवलेला आहे: कारखान्यातल्या इअरमफसारख्या जाड वाट्या, त्यांच्या आत स्पीकर, कंपनीचा आकडा २५ डेसिबल. त्याच्या शेजारी सेन्हायझरचा एचडी २८० प्रो ठेवला तर कागदावर तोच जिंकतो, कारण तिथे ‘३२ डेसिबलपर्यंत’ असं लिहिलेलं असतं. यातला ‘पर्यंत’ महत्त्वाचा. तो कमाल आकडा आहे, प्रत्येक सुराला तेवढी अडवणूक मिळत नाही. म्हणून निवड आकड्यांवर न करता वापरावर करावी. एसआयएच२ पटकन घालता-काढता येतो, त्यामुळे शिकवणीला आणि मुलांना सोयीचा पडतो, फक्त तासाभराने त्याचं वजन जाणवतं. २८० प्रो डोक्याला घट्ट आवळतो, आणि तो आवाज अडवतो त्यातही या पकडीचा मोठा वाटा आहे. पण रेकॉर्डिंग ऐकायलाही तो कामाला येतो. एकाच हेडफोनवर सगळं भागवायचं असेल तर मी २८० प्रो घेईन.

स्टुडिओच्या हेडफोनमध्ये एक चूक हमखास होते. बेयरडायनॅमिकचे डीटी ७७० प्रो आणि डीटी ७७० एम दिसायला भावंडं, पण कंपनीच्याच मोजमापात प्रो सुमारे १८ डेसिबल अडवतो आणि एम सुमारे ३५. ड्रम्ससाठी हवा तो एम. त्याच्या वायरवर आवाजाचं बटणही आहे, त्यामुळे गाण्याच्या मध्येच आवाज खाली आणता येतो. फक्त तो वरच्या दोघांपेक्षा खिशाला जड जातो.

चष्मा असेल तर या तिघांचीही ताकद घटते. चष्म्याची काडी गादी उचलून धरते आणि त्या फटीतून आवाज शिरतो. चष्मेवाल्यांनी सरळ कानात बसणाऱ्या इन-इअरकडे वळावं. शुअरच्या एसई२१५ ला कंपनी ‘३७ डेसिबलपर्यंत’ म्हणते. त्याहून स्वस्त इन-इअरही चालतात, कारण इथे आवाज अडवण्याचं काम मुख्यतः टोकावरचा फोम करतो. सिलिकॉनची टोपी काढून फोमची लावा, बोटांनी चुरगळून कानात घाला आणि फुगेपर्यंत धरून ठेवा. नीट बसलं की नाही हे बासवरून कळतं: बास पातळ लागला तर कुठेतरी फट आहे. अशा वेळी आवाज न वाढवता टोक पुन्हा बसवा. वायर कानावरून मागे घेऊन शर्टाच्या आतून सोडली की काठीत अडकत नाही. एक तक्रार मात्र रास्त आहे. कान आतून बंद झाले की स्वतःचा श्वास आणि पायाची धडधड डोक्यात घुमते, आणि काहींना ते शेवटपर्यंत रुचत नाही.

माझी स्वतःची निवड याच्या एक पायरी पुढची आहे: स्वस्त इन-इअर आणि त्यावर साधा कामगारांचा इअरमफ. कमी पैशांत इतका आवाज अडवणारं दुसरं काही मला सापडलेलं नाही. मात्र दोन्हींच्या आकड्यांची बेरीज करू नका. मोठ्या आकड्यात साधारण ५ डेसिबल मिळवायचे, असा अमेरिकेच्या सुरक्षा नियमांतला ठोकताळा आहे. एका मर्यादेनंतर आवाज कवटीच्या हाडांतूनच आत येतो. ही जोडी उकडते, दिसायला ओबडधोबड आहे आणि घालायला वेळ लागतो, तरीही दोन तासांच्या सरावानंतर माझे कान शांत असतात.

नॉइज कॅन्सलिंग आणि ब्लूटूथ यांच्या मोहात पडू नका. नॉइज कॅन्सलिंग विमानाच्या सलग घरघरीसाठी उत्तम, स्नेअरच्या क्षणिक फटक्यासाठी नाही. १२० बीपीएमला (मिनिटाला १२० ठोके) सोळावा भाग, म्हणजे एका ठोक्याचा पाव हिस्सा, १२५ मिलिसेकंदांचा असतो आणि साध्या ब्लूटूथचा उशीर सहज तेवढा होतो. इलेक्ट्रॉनिक पॅडवर तर काठी पडल्यानंतर आवाज येईल.

काहीही घेतलंत तरी परत करायची मुदत संपण्याआधी हे करून बघा. पूर्ण जोरात वाजवताना क्लिक जेमतेम ऐकू येईल एवढीच ठेवा. मग थांबा, काठ्या मांडीवर ठेवा आणि फक्त क्लिक ऐका. शांततेत ती कानाला टोचत असेल तर हेडफोन पुरेसा आवाज अडवत नाही. आधी गाद्या किंवा टोकं नीट बसवून पुन्हा बघा. तरीही टोचली तर परत करा.