‘१२८ स्लाईस’ची मेख

एप्रिल २०२१, कोरोनाची दुसरी लाट ऐन भरात. सासऱ्यांचा ताप उतरेना, ऑक्सिजन ९२ वर आला, तेव्हा डॉक्टरांनी छातीचा एचआरसीटी, म्हणजे फुफ्फुसं बारकाईने दाखवणारा सीटी स्कॅन, काढायला सांगितला. नाशिकमधल्या एका सेंटरवर गेलो. काउंटरवरचा मुलगा मान वर न करता म्हणाला, "साडेपाच हजार. १२८ स्लाईसचं मशीन आहे, एकदम क्लिअर येतं." स्लाईस म्हणजे मशीन एका फेरीत शरीराचे किती काप टिपतं तो आकडा. पीपीई किटचे वेगळे, सीडीचे वेगळे. साडेपाच हजार रोखच हवेत, आणि पावती म्हणून हातात आली बिनशिक्क्याची चिठ्ठी.

वास्तविक राज्य सरकारने सप्टेंबर २०२० मध्येच दर बांधून दिले होते. १६ स्लाईसच्या आतलं मशीन असेल तर २०००, १६ ते ६४ ला २५००, त्यापुढे ३००० रुपये. फिल्म, रिपोर्ट, पीपीई किट, जीएसटी सगळं त्यातच धरलेलं. दरफलक दर्शनी भागात लावायचा, तपासणी कुठल्या मशीनवर झाली ते रिपोर्टवर लिहायचं, हेही सांगितलेलं. त्या सेंटरात फलक एकच: "चपला बाहेर काढा."

रिपोर्टवर स्कोअर होता, म्हणजे फुफ्फुसांना किती बाधा झालीय त्याचे गुण: २५ पैकी ९. मशीनचा उल्लेख नाही. छातीच्या डॉक्टरांनी फिल्म उजेडावर धरली आणि कोपऱ्यातल्या बारीक अक्षरांवर बोट ठेवलं. नाव, वय, वेळ आणि त्याखाली मशीनचं मॉडेल. "हे १६ स्लाईसचं आहे. न्यूमोनिया बघायला तेवढं पुरतं म्हणा. मोठ्या मशीनची खरी गरज हृदयाला, ते सतत हलतं ना." म्हणजे तपासणी ठीक होती, लबाडी बिलात होती. दम लागलेल्या माणसाच्या घरचे घासाघीस करत नाहीत, हे सेंटरवाल्यांना पक्कं ठाऊक.

साथ ओसरली तरी स्लाईसचा आकडा फेकून भाव चढवणं थांबलेलं नाही. पैसे देण्याआधी मॉडेल विचारा, बिल सेंटरच्या नावाचं घ्या, सीडी सोडू नका. डॉक्टरांनी एकच सेंटर सुचवलं असलं तरी आणखी दोन ठिकाणी फोन लावा.

आम्ही महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे तक्रार केली. चिठ्ठीवर सेंटरचं नावच नव्हतं. नशीब की किट-सीडीचे पैसे बायकोने फोनवरून भरले होते. तेवढ्या नोंदीवर सेंटरवाल्यांना बोलावणं गेलं. जास्तीचे पैसे परत करायला तयार झाले, पण म्हणे "तक्रार नाही" असं आधी लिहून द्या. बायको म्हणाली, "आधी साडेपाच हजारांची पक्की पावती फाडा, मग बघू." ती काही त्यांनी फाडली नाही.