काठावर धो धो, बांधावर थेंब: सोलर पंपाच्या व्यवहारातली फसवणूक

सोलर पंपाच्या खासगी विक्रीत फसवणूक बहुतेक ठिकाणी एकाच चालीने होते. ट्रायल ठेवली जाते दिवाळी ते संक्रांतीच्या दरम्यान, विहीर भरलेली असताना. वेळ दुपारी बाराची, आभाळ स्वच्छ. मोटर सोडली जाते आणि नळीचं तोंड विहिरीच्या काठावरच मोकळं ठेवलं जातं. पाणी नळी भरून पडतं, बघायला आलेले व्हिडिओ काढतात, आणि त्याच बैठकीत उरलेली रक्कम चुकती होऊन ‘काम पूर्ण, समाधानकारक’ अशा कागदावर शेतकऱ्याची सही घेतली जाते. पुढे पाइपलाइन जोडून वरच्या तुकड्यात दारं धरायला गेलं की पाणी करंगळीएवढं येतं. चैत्रात तेही येत नाही. विक्रेता म्हणतो, ‘तुमच्यासमोर पाणी दाखवलं होतं, सही आहे तुमची.’

त्या दिवशीचं पाणी खरंच होतं, म्हणून तर हा डाव पचतो. पंप किती पाणी देईल हे एचपीवर एकट्यावर ठरत नाही, एकूण उंचीवर ठरतं. उन्हाळ्यात मोटर चालू असताना पाणी जिथवर खाली जातं ती खोली, तिथून सर्वांत उंच तुकड्यापर्यंतचा चढ, पाइपातलं घर्षण आणि ठिबक असेल तर त्याचा दाब, एवढं सगळं त्या उंचीत धरावं लागतं. काठावर नळी मोकळी सोडली की यातली फक्त पहिली गोष्ट उरते, आणि भरल्या विहिरीत तीही जेमतेम 8 मीटर असते.

आकडे घालून बघा. मे महिन्यात पाणी 25 मीटर खोल, शेत 8 मीटर चढावर, पाइपलाइन 600 मीटर. सेकंदाला 3.6 लिटर पाणी न्यायचं तर 63 मिमीच्या पाइपात घर्षणातच 20 मीटरहून जास्त उंची खर्ची पडते. म्हणजे एकूण 55 मीटरच्या आसपास. वर ठिबकला एक ते दीड किलो दाब लागतो, म्हणजे आणखी 10 ते 15 मीटर. ट्रायल झाली 8 मीटरवर, काम करायचंय 55 ते 70 मीटरवर. हाच पाइप 75 मिमीचा घेतला तर घर्षण 9-10 मीटरवर येतं आणि 90 मिमीचा घेतला तर साधारण 4 मीटरवर. कोटेशनमध्ये पाइपचा व्यास कमी करून ‘एवढ्यात बसवून देतो’ म्हणणारा माणूस तुमचे पैसे वाचवत नसतो. तुमचं पाणी कापत असतो.

तुलनेसाठी केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाचा मापदंड हाताशी ठेवा. 4800 वॅटच्या सौर प्लेटा असलेल्या 5 एचपी एसी सबमर्सिबल पंपाने 50 मीटर एकूण उंचीवर दिवसाला 91,200 लिटर आणि 70 मीटरवर 62,400 लिटर पाणी द्यावं, असा तो आहे. हा हिशोब चांगल्या उन्हाच्या दिवसाचा आहे, प्लेटांवर दिवसभरात चौरस मीटरला 7.15 युनिट ऊन पडेल असं धरलेला. ढगाळ दिवसाला तो लावू नये. पण विक्रेता ‘दिवसाला तीन लाख लिटर’ म्हणाला तर लगेच विचारा, किती मीटरवर? उत्तर लेखी मागा. कोटेशनवर फक्त ‘5 एचपी’ लिहिलेलं असेल तर तो कागद निरुपयोगी आहे. पंपाचं मॉडेल, किती स्टेजचा (म्हणजे आत एकावर एक किती पंखे), किती मीटर उंचीला किती लिटर, हे त्यावर हवंच.

अशा व्यवहारात गोदामात पडून राहिलेला कमी उंचीचा पंप खपवला जातो. भरल्या विहिरीवर तो उलट जास्तच पाणी फेकतो, म्हणून ट्रायलमध्ये भाव खातो. सकाळी त्याची खरी ओळख पटते. ऊन कमी असताना कंट्रोलर, म्हणजे प्लेटांची वीज मोटरला देणारी पेटी, मोटर हळू फिरवते, आणि वेग कमी झाला की उचलण्याची ताकद त्याहून वेगाने घटते. 50 हर्ट्झला, म्हणजे पूर्ण वेगाला, 60 मीटर उचलणारा पंप 40 हर्ट्झला 38 मीटरच उचलतो. मोटर फिरते, आवाज येतो, पाणी मात्र साडेदहा-अकरापर्यंत येत नाही. इथे कंट्रोलर बदलून उपयोग नाही. पंपाची निवडच चुकवलेली असते.

म्हणून ट्रायल घ्यायची ती पाइपलाइनच्या शेवटी, सर्वांत उंच तुकड्यात. 200 लिटरचा बॅरल ठेवा आणि मोबाइलच्या घड्याळावर सेकंद मोजा. सेकंदाला 3.6 लिटर येत असेल तर बॅरल 55 सेकंदांत भरतो, अडीच लिटर येत असेल तर 80 सेकंद लागतात. एकदा सकाळी नवाला आणि एकदा दुपारी बाराला मोजा. विहीर भरलेली असेल तर उन्हाळ्यात पाणी जेवढं खाली जातं तेवढी उंची धरून व्हॉल्व्ह आवळा आणि त्याच्या अलीकडे दाबमापक लावून बघा. 1 किलो म्हणजे 10 मीटर. पाणी अपेक्षेपेक्षा कमी पडलं तर थ्री फेज मोटरचे फेज उलटे लागलेत का, तेही इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. उलटी फिरणारी मोटरही पाणी देते, पण बरंच कमी.

दुसरी लबाडी प्लेटांची. बिलावर 540 वॅटच्या 9 प्लेटा, म्हणजे 4860 वॅट, आणि स्ट्रक्चरवर चढवलेल्या जुन्या 335 वॅटच्या 9, मागे नवं स्टिकर. प्रत्यक्षात 3015 वॅट. 5 एचपीच्या मोटरला 3 एचपीचं ऊन. ओळखायला टेप पुरे. लांबी गुणिले रुंदी मीटरमध्ये करा आणि येणाऱ्या चौरस मीटरला 210 ने गुणा. आजच्या चांगल्या प्लेटेचे वॅट साधारण तेवढेच येतात. 540 ची प्लेट सुमारे 2.28 मीटर लांब आणि 1.13 मीटर रुंद असते, 335 ची 1.96 गुणिले 0.99 भरते. दोन चौरस मीटरच्या आतली प्लेट 540 वॅटची असूच शकत नाही. काचेच्या आत छापलेला सीरियल नंबर आणि मागच्या स्टिकरवरचा नंबर एकच आहे का ते बघा. काचेत गोगलगाय चालून गेल्यासारख्या तपकिरी रेघा, मागचा पांढरा पडदा पिवळा पडलेला किंवा बोटाला खडूसारखा लागणारा, जंक्शन बॉक्सला पुन्हा चिकटवल्याच्या खुणा, यातलं काही दिसलं तर माल उतरवूनच घेऊ नका. व्होल्टेज मोजण्याच्या फंदात स्वतः पडू नये. अशा 9 प्लेटा एका ओळीत जोडल्या की साडेचारशेच्या आसपास डीसी व्होल्ट असतात, आणि चालू असताना कनेक्टर ओढला तर पेटणारी ठिणगी सहज विझत नाही.

मोटरच्या बाबतीत रिवाइंड करून रंग मारलेली मोटर नवी म्हणून सोडली जाते. बोअरमध्ये गेल्यावर ती कोण बघतो? खाली सोडण्याआधी नेमप्लेटचा फोटो घ्या, तिच्यावरचा नंबर वॉरंटी कार्डाशी जुळवा. रिव्हेट नवे दिसत असतील आणि अंग जुनं, तर थांबवा. केबलची तीन टोकं सोलून ब्लेडने खरवडा. वरून तांबडी आणि आतून पांढरी निघाली तर तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे. खोल बोअरला अशी वायर तापते, व्होल्टेज पडतं आणि वर्षाच्या आत मोटर जळते. मग ‘ड्राय रन झाला (मोटर पाण्याविना फिरली), वॉरंटीत बसत नाही’ असं ऐकावं लागतं. वॉटर-फिल्ड मोटरमध्ये सोडण्याआधी स्वच्छ पाणी भरलं की नाही, हे स्वतः उभं राहून बघा.

स्ट्रक्चर हॉट-डिप गॅल्वनाइज्ड हवं, जस्ताचा थर 80 मायक्रॉन. चंदेरी रंग मारलेला सांगाडा पहिल्या पावसाळ्यात वेल्डिंगच्या जागी तांबूस होतो. अर्थिंग सर्वांत जास्त वेळा गाळली जाते, कारण ती जमिनीत असते. प्लेटांची, कंट्रोलरची आणि वीजरोधकाची अर्थिंग वेगवेगळी घातलेली खड्डे बुजवण्याआधी दाखवायला लावा. कंट्रोलर विजेने जळला की पैसे कोणीच देत नाही.

आता सबसिडीचं खोटं. ‘आत्ता पूर्ण पैसे भरा, सबसिडी नंतर खात्यात जमा होईल,’ हे ऐकलं की व्यवहार तिथेच थांबवा. केंद्राच्या पीएम-कुसुम किंवा राज्याच्या मागेल त्याला सौर कृषी पंप योजनेत आधी बाजारातून पंप घेऊन मागून अनुदान मिळत नाही. अर्ज आधी होतो, पात्र ठरल्यावर शेतकरी आपला हिस्सा अधिकृत पोर्टलवरच भरतो आणि यादीतला पुरवठादार स्वतः निवडतो. हिस्सा सर्वसाधारण गटाला 10 टक्के, अनुसूचित जाती-जमातींना 5 टक्के. अडीच एकरापर्यंत 3 एचपी, पाच एकरापर्यंत 5 एचपी, त्यावर साडेसात. ‘साहेबांना सांगून नंबर वर घेतो’ म्हणून दलालाने मागितलेले पैसे कुठल्याही पावतीत बसत नाहीत. योजनेच्या पंपाला पाच वर्षांची देखभाल आणि विमा आहे. त्यामुळे वाहतूक, खड्डे, सिमेंट अशा नावाखाली बसवणाऱ्याने पैसे मागितले तर देऊ नका, महावितरणकडे लेखी तक्रार करा. पाणी मोजून घेतल्याशिवाय ओटीपी आणि सही देऊ नका. एकदा काम पूर्ण म्हणून नोंद झाली की माणसाला पुन्हा गावात आणणं फार कठीण जातं.

कुसुमच्या नावाने खोट्या वेबसाइट चालवून नोंदणी फी उकळली जाते, असा इशारा मंत्रालयाने वारंवार दिला आहे. शिक्के असलेलं ‘निवड पत्र’ व्हॉट्सॲपवर येतं, सोबत कोणाच्या तरी वैयक्तिक खात्याचा क्यूआर. केंद्राचं पोर्टल जीओव्ही डॉट इन वर संपतं. नावात नुसतं ‘कुसुम’ असणं हा पुरावा नाही. एपीके फाइल पाठवून ‘यादीत नाव बघा’ म्हटलं तर ती उघडूच नका, ती मोबाइलमधले ओटीपीचे मेसेज वाचू शकते. शंका आली तर मंत्रालयाचा 1800-180-3333 हा टोल फ्री क्रमांक आहे, महावितरणचे 1800-212-3435 आणि 1800-233-3435.

ऑनलाइन पैसे गेलेच असतील तर सकाळची वाट न पाहता 1930 ला फोन करा. पैसा पुढच्या खात्यांतून काढला जाण्याआधी गोठवता आला तरच परत मिळण्याची आशा असते. बँकेचा व्यवहार क्रमांक, समोरच्याचा नंबर आणि पत्राचा स्क्रीनशॉट जवळ ठेवा, चॅट पुसू नका.

खासगी विक्रेत्याशी व्यवहार असेल तर रक्कम टप्प्याने द्या आणि निदान 15 टक्के बॅरलच्या मोजणीनंतर देण्याची अट कोटेशनवरच लिहून घ्या. खरा विक्रेता याला हरकत घेत नाही. जीएसटी बिलावर प्रत्येक प्लेटेचा, मोटरचा आणि कंट्रोलरचा सीरियल नंबर लिहून घ्या. हे कागद, कोटेशनवरचे लिटर-मीटरचे आकडे आणि मोजणीचा व्हिडिओ असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात तुमची बाजू भक्कम राहते. फसवणूक झाल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, आणि सल्ल्यासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक आहे.