सशांना दर तीन महिन्यांनी जंताचं औषध: चौदा महिन्यांनंतरचा माझा अनुभव

मागच्या वर्षी वसंतात आम्ही लेस्टरजवळच्या एका रेस्क्यूमधून, म्हणजे बेघर प्राण्यांच्या निवाऱ्यातून, दोन ससे घरी आणले. कापूस हा पांढरा नर, वजन २.४ किलो, आणि जांभूळ ही काळी मादी, १.९ किलो. दोघांचीही नसबंदी झालेली, वार्षिक लस घेतलेली. पहिल्याच आठवड्यात कराडहून आईचा फोन आला. ती अंगणवाडी सेविका होती. १० फेब्रुवारीच्या राष्ट्रीय जंतनाशक दिनाला मुलांना अल्बेंडाझोल हे जंताचं औषध देणं हे तिच्या हातात बसलेलं काम. तिने विचारलं, "सशांना जंताचं औषध दिलंस का गं?"

इथे इंग्लंडमध्ये सशांसाठी फेनबेंडाझोल या जंतनाशकाची पेस्ट प्रिस्क्रिप्शनशिवाय मिळते. पाच ग्रॅमची सिरिंज, त्यात १८.७५ टक्के औषध. डोस किलोमागे रोज २० मिलिग्रॅम, म्हणजे कापसाला ४८ आणि जांभळीला ३८. नऊ दिवसांचा कोर्स दोघांना एका सिरिंजमध्ये होतो, थोडी उरतेही. खोक्यावर लिहिलं होतं: जोखमीच्या काळात वर्षातून दोन ते चार वेळा, नऊ दिवस. मी त्यातलं 'दोन ते चार वेळा' एवढंच डोक्यात ठेवलं आणि कॅलेंडरवर दर तीन महिन्यांनी खूण केली.

देण्याबद्दल आधी सांगते, कारण नव्या माणसाची सगळी शक्ती इथेच जाते. सशाला पाठीवर उताणं धरून औषध देऊ नये. त्याला टॉवेलमध्ये गुंडाळून मांडीवर घ्यायचं, पुढच्या दातांमागे जी मोकळी जागा असते तिथून सिरिंजचं टोक बाजूने आत घालायचं आणि थोडं थोडं दाबायचं. कापसाचा डोस हरभऱ्याच्या दाण्याएवढा होतो, त्यामुळे तो गालात ठेवून नंतर थुंकून टाकणं त्याला सहज जमतं. तिसऱ्या दिवसापासून मी कोथिंबिरीच्या पानाला कुस्करलेलं केळं लावून त्यात पेस्ट मिसळू लागले. जांभूळ एका घासात संपवायची. वजन मात्र दर कोर्सला नव्याने करा. आम्ही टोपलीत बसवून स्वयंपाकघरातल्या काट्यावर करतो. अंदाजाने दिलेला डोस या औषधाला चालत नाही, कारण पुढे येईल.

नऊ महिन्यांत तीन कोर्स झाले. तक्रार काहीच नव्हती, पण फायदाही दिसत नव्हता. तिसऱ्या वेळी नखं कापायला गेलो असताना डॉक्टरांनी सहज विचारलं, "औषध कशासाठी देताय?" मी म्हटलं, जंतांसाठी. त्यांनी जे समजावलं ते मला पहिल्या दिवशी कळायला हवं होतं.

घरात राहणाऱ्या सशाला सहसा होणारा जंत एकच, पांढऱ्या दोऱ्यासारखा, सेंटिमीटरभर किंवा त्याहून लहान. तो मोठ्या आतड्यात राहतो, लेंड्यांवर दिसतो आणि बहुतेक सशांना त्रास देत नाही. माणसाला तो लागत नाही. ससा आपल्या मऊ लेंड्या थेट तोंडाने घेऊन खातो, त्यामुळे अंडी परत पोटात जाण्याची वाटही उघडी असते. कोर्स संपला म्हणजे विषय संपला असं नाही. दिसला तर औषध द्यायचं, लेंड्यांची जागा रोज साफ करायची.

ती पेस्ट मुळात विकली जाते ती दुसऱ्याच शत्रूसाठी. त्याचं नाव एन्सेफॅलिटोझून क्युनिक्युली, आणि तो जंत नाही. डोळ्यांना न दिसणारा सूक्ष्म परजीवी, हल्ली त्याला बुरशीच्या कुळात धरतात. तो मूत्रपिंडात, मेंदूत आणि डोळ्यांत बसतो. लागण झाल्यावर महिनाभराने लघवीतून त्याचे बीजाणू बाहेर पडू लागतात आणि दुसरा ससा ते चाटतो, गवतासोबत खातो. आईच्या पोटातूनही पिल्लाला लागण होते. ब्रिटनमधल्या ९७ निरोगी पाळीव सशांचं रक्त तपासल्याचा एक अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ५२ टक्क्यांमध्ये याच्या प्रतिपिंडांची खूण सापडली. म्हणजे निम्मे ससे त्याला भेटलेले, तरी आजारी नव्हते. नऊ दिवसांचा कोर्स असतो तो नवा ससा घरात आणताना, अनोळखी सशांत ठेवून आल्यावर. माझे दोघे वर्षभर कुणालाही भेटले नव्हते. जोखीम कुठली, हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नव्हता.

आणि औषध निरुपद्रवी आहे, ही समजूतही पुरी खरी नाही. फेनबेंडाझोल आणि आईच्या हातातलं अल्बेंडाझोल एकाच कुळातली. या कुळातल्या औषधांनी सशांच्या अस्थिमज्जेवर घाला घातल्याच्या, रक्तपेशी घटून ससा दगावल्याच्या नोंदी आहेत. बरोबर डोसात बहुतेकांना काही होत नाही, पण कारण नसताना वर्षाला छत्तीस दिवस द्यायचं ते हे औषध नव्हे. आईने प्रेमाने मुलांच्या सिरपची बाटली पाठवते म्हटलं होतं, ते मी तेव्हाच थांबवलं होतं हे बरं झालं. कुत्र्यांचं औषध अंदाजाने अर्धं करून देणं, हेही कुणी सांगितलं तर ऐकू नका.

मग अकराव्या महिन्यात कापूस आजारी पडला. सकाळी उठून पाहिलं तर मान डावीकडे कललेली, डोळे झरझर हलतायत, उभं राहायला गेला की लोळण. तीन कोर्स देऊनही. कानाच्या आतल्या संसर्गानेही मान कलते, म्हणून आधी कान तपासले. रक्तातल्या प्रतिपिंडांचे आकडे वर होते. अठ्ठावीस दिवसांचा कोर्स, सोबत सूज उतरवणारं औषध, खाणं सुटू नये म्हणून दर काही तासांनी हाताने भरवणं. सशाचं पोट थांबलं की तो आजारापेक्षा त्यानेच जातो. जांभूळ त्याच्यासोबत राहते म्हणून तिलाही कोर्स. दोघांना मिळून तीन सिरिंज लागल्या. दोन आठवड्यांनी दोघांच्या रक्तपेशी मोजल्या, ठीक होत्या. पिंजऱ्याच्या कडेला टॉवेलांच्या वळकट्या लावल्या होत्या, त्यांना टेकून तो बसायचा. तिसऱ्या आठवड्यात तो स्वतःहून गवताच्या जाळीपाशी गेला तेव्हा मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले.

आधीचे कोर्स फुकट गेले का? मला तसं म्हणता येत नाही. लागण रेस्क्यूमध्ये येण्याआधीची असेल, शरीरात दबून राहिलेली असेल. पण 'दर तीन महिन्यांनी देते, म्हणजे माझे ससे सुरक्षित' हा माझा भरवसा खोटा होता, आणि त्या भरवशामुळे मी बाकीच्या गोष्टींकडे कमी पाहत होते.

आता काय करते ते सांगते. दर सहा महिन्यांनी तीन दिवसांच्या लेंड्या एका डबीत गोळा करून तपासायला देते. मार्चमध्ये जांभळीच्या नमुन्यात त्या दोऱ्याएवढ्या जंताची अंडी निघाली, तेव्हा औषध दिलं, पुन्हा तपासलं, साफ. पिल्लं असतील तर कॉक्सिडिया हा सूक्ष्म परजीवी मात्र आवर्जून शोधायला सांगा, त्यावर ही पेस्ट चालत नाही, वेगळं औषध लागतं. लघवीची जागा रोज धुते, आठवड्याला जंतुनाशक मारते, नंतर हात साबणाने. घरात कुणाची प्रतिकारशक्ती कमी असेल तर हे अधिक जपावं, कारण हा परजीवी क्वचित माणसालाही लागतो. बागेतल्या वाटेवरून खुडून आणलेली डँडेलियनची पानं बंद केली, तिथे कुत्री फिरतात, रात्री कोल्हे. त्यांच्या विष्ठेतल्या फीतकृमीच्या अंड्यांमुळे सशाच्या पोटात पुटकुळ्या होतात. आता कुंडीत लावलीयेत. उन्हाळ्यात दिवसातून दोनदा शेपटीखाली बघते. माशी बसून अळ्या पडल्या तर ससा एका दिवसात जाऊ शकतो, आणि ती जंताची गोष्टच नाही.

आईला हे सगळं सांगितलं तेव्हा ती जरा गप्प राहिली. मग म्हणाली, "आमच्याकडे दोनशे मुलं, माती तीच, चपला नाहीत. एकेकाची विष्ठा तपासत कोण बसणार? म्हणून सगळ्यांना गोळी. तुझ्याकडे दोनच आहेत ना?"

पेस्ट म्हणून तक्रार नाही, कपाटात एक सीलबंद सिरिंज आहे. कापसाची मान अजून थोडी डावीकडे आहे, उडी मारताना तो आधी एक क्षण थांबतो. पुढचा नमुना सप्टेंबरमध्ये द्यायचाय.