क्रॅकरवर रचावे की टूथपिकला ओवावे?

मांस आणि चीजचे छोटे घास काहीही न शिजवता करायचे ठरले, की मांडणीचे दोन सोयीचे मार्ग उरतात: क्रॅकरवर, म्हणजे पातळ कुरकुरीत बिस्किटावर, थर रचणे किंवा टूथपिकला तुकडे ओवणे. सगळे जिन्नस लाकडी फळीवर मांडून ज्याचे त्याने कापून घेण्याची पद्धत बसलेल्या मंडळींसाठी उत्तम आहे. परंतु हातात पेला घेऊन उभ्या असलेल्या पाहुण्याला चीज कापता येत नाही, म्हणून ती येथे विचारात घेत नाही.

चवीच्या बाबतीत क्रॅकर किंचित सरस आहे, असे माझे प्रामाणिक मत आहे. ब्री (मऊ फ्रेंच चीज) किंवा शेळीच्या दुधाचे ताजे चीज टूथपिकवर टिकत नाही. त्याला खाली कुरकुरीत आधार हवा असतो, आणि वर प्रोशुत्तोचा (खारवून वाळवलेल्या डुकराच्या मांसाचा) तलम काप घडी घालून ठेवला, की त्या घासाला तोड नसते. शिवाय मांस आणि चीज दोन्ही खारट असल्यामुळे क्रॅकरचा सपकपणा उपयोगी पडतो.

तरीही माझा कौल ज्या एका त्रासामुळे बदलला तो म्हणजे क्रॅकरचे सादळणे. कोरडा क्रॅकर चीजमधले पाणी शोषून घेतो आणि पाहुणे गप्पांत रमेपर्यंत तो चिवट झालेला असतो. मध्ये क्रीम चीजचा थर देण्याचा उपाय सुचवला जातो, पण त्यात निम्म्याच्या आसपास पाणीच असते. लोण्यात ते सुमारे 16 टक्केच असल्याने लोण्याचा थर थोडा अधिक वेळ देतो, एवढेच. परिणामी थर शेवटच्या क्षणी रचावे लागतात, आणि नेमके पाहुण्यांचे स्वागत करायचे तेव्हा यजमान स्वयंपाकघरात अडकून पडतो. मला हे फार खटकते.

टूथपिकचे घास सकाळीच ओवून, झाकून फ्रिजमध्ये ठेवता येतात. चौघडी केलेली सलामीची (खारवून वाळवलेल्या सॉसेजची) चकती, ऑलिव्ह आणि मांचेगो किंवा गौडा या घट्ट चीजचा चौकोनी तुकडा हा मेळ मला सर्वांत भरवशाचा वाटतो. खारटपणा जास्त वाटल्यास ऑलिव्हऐवजी द्राक्ष घ्यावे. किमान 12 महिने मुरवलेले पार्मिजानो हे कडक चीज टोचताच भुगा होते, त्यामुळे ते टाळावे. मोझरेलाचे छोटे गोळे कागदावर चांगले निथळून घ्यावेत. खरबूज आणि प्रोशुत्तो मात्र ऐनवेळीच ओवावे, कारण मिठामुळे फळाला पाणी सुटते. घरात लहान मुले असतील तर टोकदार काड्यांचा धोका अवश्य लक्षात घ्यावा.

दोन्ही प्रकारांत फ्रिजमधून काढल्यावर साधारण अर्धा तास थांबणे इष्ट, कारण गार चरबी तोंडात मेणासारखी लागते आणि चीजची चवही दबलेली राहते. बाहेर ठेवण्याची मर्यादा एकूण 2 तासांची समजावी. हवा 32 अंश सेल्सिअसच्या वर असेल तर 1 तासाची.

चारपाच जणच येणार असतील आणि ब्री उत्तम मिळाले असेल, तर क्रॅकर जरूर करावेत. त्याहून अधिक माणसे असतील तर मी टूथपिकच निवडेन, आणि मऊ चीज सुरीसह वेगळ्या बशीत व क्रॅकर शेजारी कोरडेच ठेवून ज्याला हवे त्याने लावून घ्यावे अशी सोय करेन.