मास्टर रेझ्युमे आणि प्रत्येक जागेसाठी वेगळी प्रत: आठ महिन्यांच्या वापरानंतर

आठ महिने एकच पद्धत नेटाने वापरली, म्हणून आता लिहायला बसले आहे. पद्धत अशी: आजवर केलेलं सगळं काम एका लांबलचक मास्टर फाइलमध्ये लिहून ठेवायचं आणि प्रत्येक जेडी (जॉब डिस्क्रिप्शन, म्हणजे त्या जागेच्या कामाचं वर्णन) नीट वाचून त्यातून त्या जागेपुरता रेझ्युमे काढायचा. माझ्याकडून पाचपैकी चार तारे.

आधी माझ्याकडे दोन कॉलमचं, रंगीत पट्टीचं, फोटो लावलेलं टेम्प्लेट होतं. दिसायला देखणं. 'एक्सेल'समोर ८० टक्के भरलेली पट्टी. शंभराच्या वर अर्ज गेले आणि बोलावणं आलं दोनच ठिकाणांहून. आपल्यातच काही कमी आहे असं वाटून मी पार खचले होते. शेवटी भरतीचं काम करणाऱ्या एका मैत्रिणीने, तसा अर्ज तिच्या एटीएसमध्ये (कंपनीकडे आलेले अर्ज वाचून साठवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) टाकला की स्क्रीनवर काय उमटतं ते दाखवलं. पोटात गोळाच आला. दोन्ही कॉलम आडवे वाचले गेल्यामुळे अनुभवाच्या वाक्यात मध्येच भाषा आणि छंद घुसले होते. फोन नंबर मी पानाच्या हेडरमध्ये टाकला होता, तो आलाच नव्हता. पट्टी म्हणजे चित्र, त्यामुळे तिचा पत्ताच नाही. "आणि ८० टक्के म्हणजे कशाचे गं?" या तिच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

ही तपासणी कुणालाही करता येते. पीडीएफमधला सगळा मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा. तिथे क्रम बिघडला किंवा अक्षरं गळाली, तर पलीकडेही तसंच होण्याची शक्यता दाट. मी आता एकच कॉलम आणि नेहमीचे मथळे ठेवते, संपर्क मुख्य मजकुरात देते. जेडीतले शब्द पांढऱ्या अक्षरांत लपवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. मजकूर असा सुटा झाला की ते शब्द उघडे पडतात आणि विश्वास जातो तो जातोच.

यंत्राची बाजू मात्र त्यामानाने सोपी. द लॅडर्स या नोकरीविषयक संकेतस्थळाने २०१८ मध्ये भरती करणाऱ्यांच्या नजरेचा माग घेतला, तेव्हा रेझ्युमेवरची पहिली नजर सरासरी ७.४ सेकंद टिकते असं दिसलं. म्हणजे पानाच्या वरच्या भागातल्या तीन-चार ओळींवरच सगळी मदार. त्या ओळी कशा लिहायच्या, यात माझे सर्वांत जास्त दिवस गेले.

लास्लो बॉक गूगलच्या मनुष्यबळ विभागाचे प्रमुख असताना त्यांनी एक साचा सांगितला होता: काय साधलं, ते कशाने मोजलं, आणि कसं केलं. माझी जुनी ओळ होती, "साठ्याची जबाबदारी सांभाळली." नवी झाली, "दर आठवड्याला मोजणी सुरू करून नोंदीतला आणि प्रत्यक्ष मालातला फरक वर्षभरात ६ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आणला." काम तेच, पण पहिली ओळ कुणीही लिहू शकतं. अडचण एवढीच की असे आकडे मी कधी टिपूनच ठेवले नव्हते. जुने अप्रेझल फॉर्म शोधले, आधीच्या सहकाऱ्यांना विचारलं. आकडा मिळाला नाही तिथे किती माणसं, किती वेळा, किती दिवसांत, एवढं तरी लिहिलं. फुगवलेला आकडा एकही नाही, कारण मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच येतो.

शब्दांचंही तसंच. मी 'मागणीचा अंदाज' लिहीत होते, जेडीत 'डिमांड प्लॅनिंग' असायचं. शोध घेणारा माणूस त्याचाच शब्द टाइप करणार. काम खरंच केलेलं असेल तर त्यांचा शब्द वापरावा.

कव्हर लेटरबद्दल थोडक्यात: एआयकडून लिहून घेतलेल्या पत्रांना उत्तरं आली नाहीत. त्या-त्या कंपनीच्या एका नेमक्या अडचणीवर मी स्वतः लिहिलेल्या तीन परिच्छेदांना आली.

एक तारा कापला तो वेळेसाठी. एका अर्जाला दीड-दोन तास लागतात. पंधरा दिवसांत मी थकले आणि घाईत एका पत्रात दुसऱ्याच कंपनीचं नाव गेलं. ती जागा मला मनापासून हवी होती, अजून वाईट वाटतं. शिवाय किमान अनुभवाची वर्षं किंवा काम करण्याचा परवाना विचारणाऱ्या चाळणी-प्रश्नांपुढे या मेहनतीचा काही उपयोग नाही. तिथे 'नाही' लिहावं लागलं की बहुतेक वेळा अर्ज तिथेच थांबतो. म्हणून ते प्रश्न आधी पाहायचे आणि मगच दोन तास घालायचे.

या पद्धतीने ४३ अर्ज केले, ९ ठिकाणांहून कॉल आले. कुठे अर्ज करायचा हेही मी याच काळात जपून ठरवू लागले, त्यामुळे सगळं श्रेय रेझ्युमेला देणार नाही. जिथे नोकरी लागली तिथल्या मुलाखतीत अर्धा तास बोलणं झालं ते त्या मोजणीच्या ओळीवरच. रुजू होऊन दीड महिना झाला. मास्टर फाइल अजून उघडी आहे, दर शुक्रवारी घरी निघण्याआधी त्यात आठवड्याचे आकडे लिहिते.