त्यांनी मला सूज विकली

माझ्याकडे माझेच दोन फोटो आहेत, एकाच दिवशी तासाभराच्या अंतरानं काढलेले. पहिल्यात चेहरा ओढलेला, डोळ्यांखाली काळं, नाकाच्या कडेपासून ओठांपर्यंत दोन खोल रेघा. दुसऱ्यात गाल भरलेले, रेघा पुसट, कातडीवर तुकतुकी. चेहरा तरुण करून देतो म्हणणाऱ्या एका ठिकाणी हे फोटो शेजारी-शेजारी ठेवून मला दाखवले आणि त्यांच्याकडे बघत बघत मी चेहऱ्यावर सुया चालवण्याच्या बारा सिटिंगच्या पॅकेजवर सही केली. पैसे एकरकमी भरले. आकडा सांगत नाही, पण ते पैसे बरेच महिने थोडे थोडे करून बाजूला टाकलेले होते.

तेव्हा मी ४६ वर्षांची होते. आधीचं अख्खं वर्ष आईच्या आजारपणात गेलं होतं. जागरणं, धावपळ, वेळी-अवेळी खाणं. कामावर एकीनं सहज विचारलं, "काय गं, बरं नाही का तुला?" ते वाक्य आठवडाभर डोक्यातून जाईना. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण अशा ठिकाणी बायका हौस म्हणून जातात असं बाहेरून बघणाऱ्यांना वाटतं. आरशात पुन्हा आपला ओळखीचा चेहरा दिसावा, एवढंच मला हवं होतं. तिथं उपचार करणाऱ्या बाईनं ते पहिल्या पाच मिनिटांत हेरलं.

अंगात पांढरा कोट, नावाआधी 'डॉक्टर'. भिंतीवर सोनेरी शिक्क्यांची प्रमाणपत्रं. त्यांतलं एक मी नंतर जवळ जाऊन वाचलं, तेव्हा ते दोन दिवसांच्या कार्यशाळेला हजर राहिल्याचं निघालं. पण नंतर. त्या दिवशी मी फक्त शिक्के पाहिले.

"ताई, ऑपरेशन नाही, इंजेक्शन नाही, केमिकल नाही. तुमचंच शरीर तुम्हाला तरुण करणार," असं त्या म्हणाल्या. अ‍ॅक्युपंक्चरच्या सुया चेहरा आतून उचलणार, मायक्रोनीडलिंग, म्हणजे बारीक सुयांच्या पेनसारख्या मशीननं कातडीला छिद्रं पाडणं, ते कातडी बाहेरून घट्ट करणार, एकाआड एक दोन्ही घ्यायचं, म्हणजे दहा वर्षं मागे. गॅरंटी. आज ठरवलं तर दोन सिटिंग वर फुकट.

एखादा समारंभ जवळ आला आहे का, हे त्यांनी विचारलं. पैसे मी स्वतः भरणार की घरी विचारावं लागेल, हेही विचारलं. माझ्या गालांवर बाळंतपणापासून वांग आहे, त्याबद्दल एक शब्द नाही. ओठांवर तापाचे फोड येतात का, जखमेचे व्रण जाड होऊन वाढतात का, मुरमांच्या किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत का, यातलंही काही नाही. चेहऱ्यावर सुया चालवायच्या तर हे प्रश्न आधी विचारावेच लागतात. हे मला कळलं ते माझा चेहरा बिघडल्यावर.

मग 'ट्रायल'. चेहरा साबणानं धुतला, पुसला आणि तसाच कोरडा ठेवून खिडकीपासून लांब, वरच्या दिव्याखाली बसवून पहिला फोटो काढला. नंतर केसासारख्या बारीक सुया कपाळावर, गालांवर, जबड्याच्या कडेला टोचून अर्धा तास पडून राहायला सांगितलं. खरं सांगायचं तर त्या अर्ध्या तासात बरं वाटलं. कित्येक महिन्यांत कुणी मला नुसतं पडून राहा म्हटलं नव्हतं. सुया काढल्यावर चेहऱ्यावर गार जेल चोळलं, दुसऱ्या खुर्चीत बसवलं, "हनुवटी थोडी वर, हसा बघू," म्हणून दुसरा फोटो काढला.

कातडीत सुई गेली की तिथला रक्तप्रवाह वाढतो आणि बारीकशी सूज येते. सुजलेल्या कातडीवर बारीक रेघा दिसत नाहीत. कोरड्या कातडीवरच्या रेघा नुसत्या जेलनंही बुजतात. दोन्हींचा परिणाम काही तासांत, फार तर दिवस-दोन दिवसांत ओसरतो. दुसऱ्या फोटोतली ती तुकतुकी म्हणजे सूज होती, वर जेल.

मायक्रोनीडलिंग हे थोतांड नाही, म्हणून तर त्याच्या आडून फसवणं सोपं जातं. १९९७ मध्ये कॅनडातल्या कॅमिरँड आणि डुसे यांनी शाई न भरलेलं टॅटूचं मशीन जुन्या व्रणांवर चालवल्यावर ते व्रण सुधारतात असं मांडलं. पुढे दक्षिण आफ्रिकेतले प्लास्टिक सर्जन डेस्मंड फर्नांडिस यांनी सुयांचा रोलर तयार केला. बारीक जखमा करायच्या, शरीर त्या भरताना कोलॅजन, म्हणजे कातडीला घट्टपणा देणारं प्रथिन, नव्यानं तयार करतं, ही त्यामागची कल्पना. मुरमांच्या खड्ड्यांवर त्याचा उपयोग होतो. औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएनं २०१८ मध्ये अशा एका पेनला परवानगी दिली ती २२ आणि त्याहून जास्त वयाच्या माणसांच्या चेहऱ्यावरच्या मुरमांच्या व्रणांसाठी. पण कोलॅजन तयार व्हायला आठवडे लागतात, नीट बसायला महिने. म्हणूनच दोन सिटिंगमध्ये साधारण चार ते सहा आठवडे जाऊ देतात. मला दर पंधरा दिवसांनी बोलावलं जात होतं, आणि मध्ये अ‍ॅक्युपंक्चर. तासाभरात कोलॅजन कुणाच्याच चेहऱ्यावर उगवत नाही, एवढी एक गोष्ट मला त्या खुर्चीत ठाऊक असती तर मी उठून घरी आले असते.

अ‍ॅक्युपंक्चरनं चेहरा उचलला जातो याला 'संशोधन' म्हणून मला जो कागद दाखवला, तो नंतर मी शोधून वाचला. २०१३ मधला, कोरियातला छोटा प्राथमिक अभ्यास. २७ बायका, तीन आठवड्यांत पाच सिटिंग, आणि तुलनेला दुसरा गटच नाही. तो करणाऱ्यांनी स्वतःच त्याला प्राथमिक म्हटलं आहे. त्यांनी काही फसवलं नाही. फसवलं ते त्या कागदावर 'दहा वर्षं मागे' अशी गॅरंटी रचणाऱ्यांनी.

पहिली तीन सिटिंग बरी गेली. दर वेळी निघताना फोटो, दर वेळी मी खूश. घरी दोन दिवसांनी चेहरा पुन्हा होता तसा. मी विचारलं की उत्तर तयार असायचं, "ताई, मध्येच थांबलात तर सगळं वाया जाईल."

चौथं सिटिंग मायक्रोनीडलिंगचं. सुन्न करणारं मलम लावून मला आडवं केलं होतं. मान वळवली तर ट्रेवर पेन दिसलं आणि त्याच्या टोकाला एकदाच वापरायचं सुयांचं कार्ट्रिज आधीच बसवलेलं. पहिल्या वेळी सीलबंद पाकीट माझ्या डोळ्यांसमोर फाडलं होतं, तो कागद फाटल्याचा आवाज मला आठवत होता. या वेळी तो आवाज झाला नव्हता. मी विचारलं, "नवीन आहे ना?" त्या म्हणाल्या, "आताच लावलं, तुम्ही डोळे मिटून होतात." मी डोळे मिटले नव्हते. तरी गप्प बसले. अर्ध्याहून जास्त पॅकेज शिल्लक होतं, चेहरा सुन्न होता, आणि पांढऱ्या कोटाशी वाद घालायची सवय नाही आपल्याला.

सीरम एका तपकिरी बाटलीतलं होतं, कंपनीचं लेबल नाही, फक्त मार्करनं दोन अक्षरं. बॅच नंबर नाही, मुदत नाही. कातडीवर लावायला म्हणून केलेली वस्तू सुयांच्या छिद्रांतून आत गेली की शरीर तिच्याशी वेगळं वागतं. मायक्रोनीडलिंगच्या वेळी लावलेल्या सीरमवर प्रतिक्रिया येऊन चेहऱ्यावर गाठी आल्याच्या घटना २०१४ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात छापून आल्या आहेत. माझ्या चेहऱ्यात काय गेलं ते आजतागायत मला कळलेलं नाही. तीनदा विचारलं, तीनदा 'ग्रोथ फॅक्टर' हेच उत्तर.

त्या दिवशी पेन फिरताना कातडी ओढली जात होती. एरवी दिवस-दीड दिवसात उतरणारी लाली आठवडाभर राहिली. ती उतरली आणि खाली तपकिरी पट्टे दिसले, डाव्या गालावर वांगाच्या बरोबर वर, पेन ज्या दिशेनं फिरलं त्याच दिशेनं. फोटो पाठवला तर उत्तर आलं, "ताई, आतली घाण बाहेर पडते आहे. चांगलं लक्षण आहे." आणि पाठोपाठ, पट्टे लवकर जावेत म्हणून वेगळ्या पीलचं, म्हणजे रसायनानं कातडीचा वरचा थर काढण्याचं, पॅकेज. मी पील घेतलं नाही, पण अ‍ॅक्युपंक्चरच्या पुढच्या सिटिंगला मात्र गेले. इतकी मी त्यांच्या शब्दांत अडकले होते.

सोडवलं ते मुलीनं. ती माझे ते पहिले दोन फोटो फोनवर मोठे करून बघत होती. म्हणाली, "आई, तुझ्या डोळ्यांत बघ." दुसऱ्या फोटोत दोन्ही बुबुळांत एक एक पांढरं स्वच्छ कडं होतं. रिंग लाइटचं, म्हणजे गोल कड्यासारख्या दिव्याचं, प्रतिबिंब. पहिल्या फोटोत ते नव्हतं, वरच्या दिव्याचा एक पुसट ठिपका तेवढा. समोरून चहूबाजूंनी सारखा उजेड पडला की कुठल्याच सुरकुतीला सावली राहत नाही, आणि वरून पडला की प्रत्येक रेघ खोल दिसते. तिनं मला तिथेच खिडकीत नेऊन, मग दिव्याखाली बसवून दोन फोटो काढून दाखवले. एकही सुई न टोचता पाच मिनिटांत मी दहा वर्षांनी लहान झाले होते. मी खूप रडले त्या दिवशी.

दुसऱ्याच दिवशी त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी दिव्याखाली गाल पाहिला आणि सांगितलं, ही घाण वगैरे काही नाही. कातडीला इजा झाली की सावळ्या रंगात तिथे जास्त रंगद्रव्य साठतं, आणि आधीपासून वांग असेल तर धोका आणखी वाढतो. मग विचारलं, "सुई तुमच्यासमोर उघडली होती का?" मी चौथ्या सिटिंगचं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी अशा तपासण्या लिहून दिल्या. लगेच एकदा, नंतर पुन्हा, आणि सहा महिन्यांनी शेवटच्या. अमेरिकेत न्यू मेक्सिकोमध्ये एका विनापरवाना स्पामध्ये रक्त काढून सुयांनी चेहऱ्यात घालायच्या फेशियलमधून बायकांना एचआयव्हीची लागण झाल्याचं तिथल्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेनं २०२४ मध्ये प्रसिद्ध केलं आहे. ते मी त्या रात्री वाचलं. पुढचे सहा महिने कसे काढले ते माझं मला माहीत. बोट कापलं तरी मुलीला जवळ येऊ देत नव्हते.

सुरकुत्यांचं काय करायचं, हेही मी डॉक्टरांना विचारलं. त्यांनी सगळ्यात आधी रोजच्या सनस्क्रीनचं नाव घेतलं. ऑस्ट्रेलियात ९०३ जणांवर साडेचार वर्षं अभ्यास झाला, तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात रोज नेमानं सनस्क्रीन लावणाऱ्यांच्या कातडीवर वय वाढल्याच्या खुणा दिसण्याइतक्या वाढल्या नाहीत. दुसरं ट्रेटिनॉइन या व्हिटॅमिन ए-वर्गातल्या औषधाचं मलम, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, आणि तेही पट्टे गेल्यावर. दोन्ही कंटाळवाणी कामं, रोजची, सावकाश होणारी. त्यांत दाखवायला तासाभराचा फोटो नसतो.

पैसे परत मागितले तेव्हा मीच सही केलेला कागद पुढे आला. बारीक अक्षरांत लिहिलं होतं की परिणाम व्यक्तीनुसार बदलतात आणि रक्कम परत मिळणार नाही. 'गॅरंटी' हा शब्द फक्त तोंडी होता. ज्या कुणाला हे करून घ्यायचंच असेल तिनं एका वेळी एकाच सिटिंगचे पैसे द्यावेत. करणाऱ्या माणसाची वैद्यकीय नोंदणी नंबरासकट बघावी. कार्ट्रिजचं आणि सुयांचं सीलबंद पाकीट स्वतःसमोर फाडून घ्यावं, वापरलेलं डब्यात पडताना बघावं. सीरमची बाटली हातात घेऊन वाचावी. यातल्या एकाही गोष्टीवर समोरचं माणूस चिडलं, तर सुन्न चेहऱ्यानं का होईना, उठून निघावं. मला ते जमलं नाही, तुम्हाला जमावं म्हणून हे सगळं लिहिते आहे.

सहा महिन्यांच्या तपासण्या निगेटिव्ह आल्या. डाव्या गालावरचे पट्टे फिकट झाले आहेत, गेलेले नाहीत.

त्याच कागदावर आणखी एक ओळ होती, फोटो 'प्रसिद्धीसाठी' वापरायला माझी संमती असल्याची. मी दोनदा लेखी देऊनही ते दोन फोटो अजून त्यांच्या जाहिरातीत आहेत, शेजारी-शेजारी, खाली 'बारा सिटिंगनंतर' असं लिहून. हनुवटीवरचा तीळ माझा आहे, म्हणून मला ओळखता येतं. ओळख लपवायला म्हणून दोन्ही फोटोंत डोळ्यांवर काळी पट्टी ओढली आहे, आणि तिच्याखाली ती पांढरी कडीही झाकली गेली आहेत.