तिबिलिसीत रग्बी : मैदानाला पाच तारे, सामन्याला तीन

तिबिलिसीत वैद्यकीय शिकणाऱ्या मराठी मुलामुलींसाठी आणि त्यांना भेटायला येणाऱ्या आईबाबांसाठी हे लिहितेय. जुनं शहर, गंधकाच्या पाण्याची न्हाणीघरं, खिंकाली (इथले मोठे मोमो) हे सगळं होईलच. पण एक संध्याकाळ जॉर्जियाच्या रग्बी सामन्यासाठी राखून ठेवा. वाके भागातलं मिखाइल मेस्खी स्टेडियम एका मोठ्या फुटबॉलपटूच्या नावाचं आहे आणि त्यात साधारण 27 हजार माणसं बसतात. मी इथे 2025 च्या मार्चमध्ये युरोपियन चॅम्पियनशिपचा (युरोपातल्या दुसऱ्या फळीच्या संघांची स्पर्धा) अंतिम सामना पाहिला आणि 12 जुलैला आयर्लंडविरुद्धचा. दोन्हींचा मिळून हा रिव्ह्यू, आणि सोबत एक तक्रार: सिक्स नेशन्समध्ये, म्हणजे इंग्लंड, फ्रान्स, आयर्लंड, इटली, स्कॉटलंड आणि वेल्स यांच्या दरवर्षीच्या स्पर्धेत, जॉर्जियाला शिरकावच नाही.

आधी कामाचं. मेट्रो दारापर्यंत जात नाही, बसनेच जा. स्वस्तातलं तिकीट विद्यार्थ्याच्या खिशाला परवडतं. शाकाहारी असाल तर वाटेत एखाद्या बेकरीतून गरम लोबियानी घ्या. आत राजम्याचं सारण असतं आणि एकीत पोट भरतं. मार्चमध्ये स्वेटर आणि वर जाकीटही लागतं. जुलैत आम्ही निर्धास्त गेलो आणि पावसात चिंब भिजलो, तेव्हा रेनकोट कुठल्याही महिन्यात न्या. घोषणा जॉर्जियन भाषेत होतात. नियम माहीत नसतील तर शेजारच्याला विचारा. कुठल्याही वयाचा माणूस असो, तो तुम्हाला हातवारे करून सगळं समजावतो आणि वर सूर्यफुलाच्या बियांची पुडी पुढे करतो.

जागा निवडताना गोलपोस्टच्या मागे बसू नका, लांब बाजूला बसा. स्क्रम बाजूनेच नीट दिसतो, आणि इथले लोक खरं तर स्क्रम पाहायलाच येतात. दोन्हीकडचे आठ-आठ गडी खांद्याला खांदा भिडवून एकमेकांना रेटतात. एका बाजूचं वजन साडेआठशे-नऊशे किलोच्या घरात जातं. पंच इशारा देतात आणि सगळं मैदान उभं राहतं. बाकी देशांत लोक ट्रायला (चेंडू समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे टेकवला की) ओरडतात, इथे स्क्रम दोन पावलं पुढे सरकला तरी छप्पर उडेल असा आवाज होतो. फ्रान्समधल्या क्लबांचे स्क्रम कितीतरी वर्षं जॉर्जियन प्रॉप्सच्या (स्क्रमच्या पुढच्या रांगेतल्या गड्यांच्या) खांद्यावर उभे आहेत, ते उगाच नाही. या देशाच्या गुरिया प्रांतात शुखुती नावाचं गाव आहे. तिथे दर ईस्टरला वरची आळी आणि खालची आळी लेलो खेळतात. चेंडू सोळा किलोच्या आसपासचा, खेळाडूंच्या संख्येला मर्यादा नाही, आणि जिंकलेली बाजू तो चेंडू आपल्या गावातल्या एखाद्या दिवंगत माणसाच्या कबरीवर नेऊन ठेवते. राष्ट्रीय संघाला लोक लेलो म्हणतात ते यावरूनच.

मी कोल्हापूरची, खासबागेतल्या कुस्त्या पाहत वाढलेली. मैदान भरवणाऱ्याचं खरं कसब जोड लावण्यात असतं. तोलामोलाची जोड लागली तर कुस्ती अर्धा तास चालली तरी माणूस जागचा हलत नाही. जॉर्जियाचं नेमकं इथेच अडलंय. त्याला जोडच लावली जात नाही.

मार्चचा सामना घ्या. समोर स्पेन. जॉर्जियाने 46-28 असा जिंकला आणि चषक उचलला. 2018 ते 2025 ही स्पर्धा सलग त्यांचीच होती. स्पेनची पोरं जीव तोडून खेळली, त्यांचं कौतुकच आहे. पण चषक इथेच राहणार याबद्दल माझ्या आसपास कुणालाच शंका नव्हती. सामन्यानंतर टाळ्या झाल्या, गाणी झाली, आणि घरी जाताना लोक त्या सामन्याबद्दल बोलतच नव्हते. बोलत होते सिक्स नेशन्सबद्दल. त्याच शनिवारी-रविवारी कार्डिफमध्ये इंग्लंडने वेल्सला 68-14 असं धुतलं होतं. वेल्सने 2024 आणि 2025 अशा दोन्ही वर्षी पाचपैकी पाच सामने गमावले. तरी पुढच्या वर्षी त्यांची जागा पक्कीच होती, कारण त्या स्पर्धेत वर-खाली जाण्याची सोयच नाही.

मग जुलैत आयर्लंड आला. त्यांचे बरेचसे मोठे खेळाडू लायन्स (ब्रिटन आणि आयर्लंडचा एकत्र संघ) संघातून ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर होते, म्हणजे आलेला संघ बऱ्यापैकी नव्या मुलांचा. तरीही निकाल 34-5. जॉर्जियाचा एकच ट्राय. निसरड्या चेंडूवर आयरिश मुलांचे हात किती शांत होते आणि आपल्या लोकांचे (हो, मी त्यांना आपलेच म्हणते) किती घाईचे, हे लांबूनही कळत होतं. पण या पराभूत सामन्याला मी मार्चच्या विजयापेक्षा जास्त तारे देईन. शेवटपर्यंत कुणी उठलं नाही. प्रत्येक स्क्रमला, प्रत्येक टॅकलला अर्थ होता.

जॉर्जियाला सिक्स नेशन्समध्ये घ्यायला विरोध करणारे म्हणतील, 34-5 हेच तुमचं उत्तर, हे अजून तयार नाहीत. त्यांना मी पुढच्या आठवड्याचा निकाल दाखवीन. हाच आयरिश संघ लिस्बनला गेला आणि त्याने पोर्तुगालला 106-7 असं हरवलं. 2023 च्या विश्वचषकात जॉर्जियाला 18-18 असं बरोबरीत रोखलेला हाच पोर्तुगाल. खालच्या पंगतीत जॉर्जियाला खेळायला कुणी उरलं नाही आणि वरच्या पंगतीत कुणी पाट मांडत नाही.

जॉर्जियाची बाजू सगळी उजळ आहे असं मी म्हणत नाही. 2020 च्या शरद ऋतूतल्या स्पर्धेत ते इंग्लंडकडून 40-0 आणि वेल्सकडून 18-0 हरले. 2023 च्या विश्वचषकात एकही विजय नाही. पण 2022 मध्ये त्यांनी बातुमीत इटलीला 28-19 असं हरवलं आणि त्याच नोव्हेंबरात थेट कार्डिफमध्ये वेल्सला 13-12. 2024 च्या नोव्हेंबरात जेनोआत इटलीशी हरले ते 20-17, फक्त तीन गुणांनी. देशाची लोकसंख्या चाळीस लाखांच्या आत. म्हणजे आमच्या एका कोल्हापूर जिल्ह्याएवढी.

आणि इटलीकडे बघा. 2000 साली त्यांना सिक्स नेशन्समध्ये घेतलं तेव्हा पहिल्याच सामन्यात त्यांनी रोममध्ये स्कॉटलंडला हरवलं. पुढे 2015 ते 2022 या काळात स्पर्धेतले सलग 36 सामने हरले. कुणी त्यांना बाहेर काढलं नाही, आणि ते बरोबरच झालं. दरवर्षी मोठ्यांशी भिडत राहिले म्हणूनच 2024 मध्ये त्यांनी स्कॉटलंड आणि वेल्सला हरवलं, फ्रान्सला बरोबरीत रोखलं. जो धीर इटलीसाठी दाखवला, तो जॉर्जियासाठी का नाही? उत्तर सगळ्यांना माहीत आहे. रोमला जाणं सोपं, इटलीत टीव्हीची बाजारपेठ मोठी, आणि स्पर्धेची मालकी सहा संघटनांची आणि एक सप्तमांश वाटा असलेल्या गुंतवणूक कंपनीची. खेळाच्या गुणवत्तेचं कारण यात कुठेच नाही.

सात संघ करा असंही मी म्हणणार नाही. पंधरा सामन्यांचे एकवीस होतील, पाचाऐवजी सात फेऱ्या लागतील, आणि क्लब खेळाडू सोडणार नाहीत. सिक्स नेशन्सचा शेवटचा संघ आणि युरोपियन विजेता यांच्यात दरवर्षी एक सामना ठेवा. जो जिंकेल तो पुढच्या वर्षी आत. वेल्स जिंकला तर वेल्सच राहू दे, पण मैदानात उतरून राहू दे.

या बदलाची घाई करायला सांगतेय ती यासाठी की 2026 पासून जुलै आणि नोव्हेंबरात नवी नेशन्स चॅम्पियनशिप आहे. सिक्स नेशन्सचे सहा, दक्षिणेतले चार मोठे (न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, अर्जेंटिना), शिवाय जपान आणि फिजी. बारांत जॉर्जिया नाही. 2024 मध्ये जॉर्जियाने जपानला त्यांच्याच सेंदाईत 25-23 असं हरवलं होतं, तरी नाही. मोठ्या संघांच्या तारखा त्यातच अडकल्या तर आयर्लंडसारखा पाहुणा वाके भागात पुन्हा कधी उतरणार?

थोडक्यात: मैदान, प्रेक्षक, स्क्रम, गाणी यांना पाचपैकी पाच. फेब्रुवारी-मार्चच्या सामन्यांना तीन, दोन तारे कापले ते जोड लावणाऱ्यांचे. परीक्षा जवळ असली तरी दोन तास काढता येतात. लांब बाजूचं तिकीट घ्या, लोबियानी आधीच खा, आणि स्क्रमच्या वेळी मोबाइल खिशात ठेवा.